दहा दिवसांत सात देश? त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी निघा

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला दोन वर्षं झालेलं जोडपं, दोघंही नोकरी करणारे, सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून स्टुटगार्टला आलेले. वर्षाला तीस दिवस रजा, त्यातले पंधरा-सोळा दिवस भारतवारीत जाणार. उरलेल्यांतले दहा सलग घेऊन पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, लक्झेंबर्ग, झुरिक, व्हेनिस आणि व्हिएन्ना असा बेत आखलाय. तो ठीक आहे का? एरवीच्या शनिवार-रविवारी काय करता येईल? बायको शाकाहारी, नवरा सगळं खाणारा. आणि हिवाळ्यात फिरण्यात काही अर्थ आहे का?

स्पष्टच सांगते, हा बेत मोडीत काढा. मी आणि माझा नवरा सोळा वर्षं याच भागात राहतोय, लहान-मोठ्या मिळून शंभरेक सहली झाल्या असतील. पहिल्या वर्षी आम्हीही हेच केलं होतं. त्या सहलीतलं आज काय आठवतं, तर रोज सकाळी बॅग भरणं. अकराला खोली सोडायची, पुढच्या गावी तीनशिवाय खोली हातात नाही, आणि मधल्या वेळात चाकांच्या बॅगा दगडी रस्त्यांवरून खडखडत न्यायच्या. ब्रसेल्समध्ये मी काय पाहिलं हे सांगायला मला आजही फोटो उघडावे लागतात.

सात देशांची सहल ही भारतातून येणाऱ्यांची गरज आहे. व्हिसा एकदाच, विमानखर्च एकदाच, पुन्हा येणं होईल न होईल. त्यांनी आठवड्याभरात आयफेल टॉवर आणि आल्प्सचा बर्फ दोन्ही उरकलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. तुमचे आईवडील आले की त्यांना तशी सहल जरूर घडवा. पण तुम्ही इथे राहता. तुमच्या घरापासून दोन तासांवर दुसरा देश आहे आणि तो पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे.

छोट्या सहलीत लोक पैसे मोजतात. मी जागेपणीचे तास मोजते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघालात आणि रविवारी रात्री आठला घरी आलात, तर हातात पन्नास तास. दोन रात्रींची झोप सोळा तास काढा, उरले चौतीस. जायला चार आणि यायला चार तास लागणार असतील तर सव्वीस. जेवणं, आंघोळी, खोली शोधणं यांचे सहा वजा केले की खऱ्या अर्थाने फिरायला वीस तास. आता हाच हिशोब जायला सात तास धरून करा: चौदा उरतात, तेही दमलेले. म्हणून आमच्या घरचा नियम असा की दोन रात्रींच्या सहलीला घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत चार तासांपेक्षा जास्त नको. पाच तास लागणार असतील तर तीन रात्री, विमान असेल तर चार.

दारापासून दारापर्यंत हे शब्द मुद्दाम वापरलेत. आम्ही एकदा एकोणीस युरोचं विमानाचं तिकीट काढून खूश झालो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. पहाटे साडेतीनला उठलो, दोन गाड्या बदलून आडगावच्या विमानतळावर पोचलो, दारातच बॅग दोन सेंटिमीटर मोठी ठरून तिकिटाच्या दुप्पट दंड बसला, आणि उतरल्यावर शहरात जायला बसचा आणखी सव्वा तास. दुपारी एक वाजता मुख्य चौकात उभे होतो आणि नवरा म्हणाला, ‘आता झोपायला कुठे जायचं?’ विमान हवेत होतं जेमतेम दीड तास. तिकिटावर मोठ्या शहराचं नाव असलं तरी नकाशा उघडून बघा. पॅरिसच्या नावावर खपणारं बोवे शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे, आणि फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. स्टुटगार्टहून पॅरिसला टीजीव्ही ही फ्रान्सची वेगवान रेल्वे सव्वातीन तासांत थेट शहरात नेऊन सोडते. तिकडे विमानाने जाण्यात काही मतलब नाही.

तेव्हा पहिलं काम असं करा: आपल्या स्टेशनभोवती चार तासांचं वर्तुळ काढा. तुमच्या वर्तुळात फ्रान्समधलं आल्झास, ब्लॅक फॉरेस्ट, बोडन सरोवर, बाझेल, म्युनिक, हायडेलबर्ग, मोझेल नदीचं खोरं हे सगळं येतं. शहरांची यादी करण्यापेक्षा प्रदेश निवडा, एका गावी खोली घ्या आणि तिथूनच आसपास जा. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची.

पहिल्या सहलीसाठी मी सगळ्यांना आल्झास सांगते. स्टुटगार्टहून स्ट्रासबुर्ग टीजीव्हीने साधारण एक तास वीस मिनिटं, तिथून कोलमार आणखी अर्धा तास. पैसे वाचवायचे असतील आणि तुमच्याकडे डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक गाड्यांना चालणारा मासिक पास, असेल (२०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून महिन्याला ६३), तर स्थानिक गाड्यांनी ऱ्हाइनकाठच्या केलपर्यंत या आणि तिथून ट्रामने पूल ओलांडा. वेळ दुपटीहून जास्त लागतो, पण नदीवरून ट्रामने दुसऱ्या देशात जाण्यात मजा आहे. स्ट्रासबुर्गचं कॅथीड्रल गुलाबी वालुकाश्माचं, एकाच मनोऱ्याचं. तो १४२ मीटर उंच आहे आणि १६४७ ते १८७४ जगातली सगळ्यात उंच इमारत होती. आतल्या खगोलशास्त्रीय घड्याळातून दुपारी साडेबाराला येशूचे बारा शिष्य एकेक करून पुढे सरकतात आणि वरचा कोंबडा तीनदा आरवतो. आवाज अगदी फुसका आहे, तरी ऐकाच.

पण मुक्काम कोलमारला करा. दिवसा तिथे गर्दी असते, संध्याकाळी सहानंतर बसगाड्या निघून गेल्या की गाव आपलं होतं. कोलमारमध्ये रंगीत लाकडी घरांचे फोटो काढून लोक परत जातात आणि उंटरलिंडेन संग्रहालयातलं इझेनहाइमचं वेदीचित्र बघत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने ते १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलं. मधल्या चित्रात क्रुसावरचा येशू आहे, पण नेहमीचा शांत, गोरा नव्हे. अंगभर फोड, हिरवट पडलेली कातडी, वाकडी ताठरलेली बोटं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नजर फिरवली. नवरा मात्र समोरच्या बाकावर अर्धा तास बसून राहिला, मग माहितीचा फलक वाचून मला बोलवायला आला. हे चित्र अँटनीपंथी साधूंच्या मठासाठी काढलं होतं आणि तो मठ होता एका रोगाच्या रुग्णांचं इस्पितळ. राय या धान्यावर बुरशी यायची, त्या पिठाची भाकरी खाल्ली की हातपाय जळू लागायचे, काळे पडून झडायचे. त्याला सेंट अँटनीची आग म्हणत. नवरा शेतकऱ्याच्या घरातला, तो म्हणाला, ‘अगं, हा तर अरगट. बाजरीवर पडतो तोच.’ अगदी तोच नाही, भाऊबंद म्हणा. पण त्यानंतर त्या चित्रापुढून मला हलवेना. रुग्णांना इस्पितळात आणलं की या चित्रापुढे बसवत. फोडांनी भरलेला देव त्यांच्यासाठी होता. याच वेदीचित्राच्या दुसऱ्या एका फलकावर, खाली डाव्या कोपऱ्यात, फुगलेल्या पोटाचा एक रोगी आहे, तो शोधा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं.

कोलमारहून रविवारी आसपासच्या द्राक्षमळ्यांच्या गावांत बसने किंवा सायकलने जाता येतं. तिथला पदार्थ म्हणजे फ्लामकुखेन, पातळ पोळीवर घट्ट साय आणि कांदा. मूळ पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच, म्हणून तुमच्यासाठी ‘सां लार्दों’ हे दोन शब्द पाठ करा, किंवा मश्रूमचा मागा. शाकाहाराबद्दल इथेच सांगून टाकते. स्पेनमध्ये ‘व्हेजेताल’ लिहिलेल्या सँडविचात हमखास ट्यूना मासा निघतो, नावावर जाऊ नका. बेल्जियममधलं गेंट त्या मानाने फार सोयीचं, तिथे २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून पाळतात. आम्ही एका तरी रात्रीसाठी स्वयंपाकघर असलेली खोली घेतो आणि बॅगेत खिचडीपुरते तांदूळ-डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असते. सलग चार जेवणं चीजवर काढली की माणूस चिडचिडा होतो, आणि ते भांडण ताजमहालासमोरही झालं असतं.

वर्तुळातलं दुसरं आवडतं ठिकाण बाझेल. लोक स्वित्झर्लंड म्हटलं की डोंगरात पळतात आणि हे शहर गाडी बदलण्यापुरतं बघतात. हॉटेलात एक रात्र राहिलात की शहरातल्या ट्राम-बस फुकट असतात, तेवढाच महाग देशात दिलासा. ऑगस्टात जा. दुपारी बघाल तर माणसं ऑफिसचे कपडे माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत भरतात, पिशवीचं तोंड सात वेळा दुमडून क्लिप लावतात, ती छातीशी धरतात आणि ऱ्हाइनमध्ये उतरून प्रवाहाबरोबर घरी जातात. या पिशवीला विकेलफिश म्हणतात. माझा नवरा सांगलीचा, कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला. त्याने ती पिशवी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, ‘डबाच की हा, फक्त पुढे बांधलाय.’ टिंगेली संग्रहालयापासून उतरायचं, उजव्या काठाच्या बाजूनेच राहायचं आणि पूल मोजत खाली जायचं. पाण्याला ओढ चांगलीच असते, मध्ये मालवाहू जहाजं जातात. पक्कं पोहता येत असेल तरच. मी काठावरून त्याच्या चपला घेऊन चालत गेले आणि तरी त्याच्या मागे पडले.

लक्झेंबर्ग तुमच्या यादीत आहे, ते त्रिअरला जोडून करा. त्रिअरला पोर्टा निग्रा हा रोमन वेशीचा दरवाजा, आणि मार्क्सचं जन्मघर. तिथून गाडीने तासाभरात लक्झेंबर्ग. त्या देशात २०२० च्या मार्चपासून बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना फुकट आहे. आपल्याला खिशातून पाकीट काढायची एवढी सवय असते की ट्राममध्ये चढल्यावर उगाच चोरट्यासारखं वाटतं.

आता रजेचा खरा डाव. तुमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात दोन सुट्ट्या दरवर्षी गुरुवारीच येतात: येशूच्या स्वर्गारोहणाची आणि तिच्यानंतर तीन आठवड्यांनी फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाची. मधल्या शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस. हे सगळ्यांनाच माहीत असतं. बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ते असं की पहिली सुट्टी फ्रान्समध्येही असते, तेव्हा सगळा फ्रान्स रस्त्यावर असतो. फ्रोनलाइखनामची सुट्टी मात्र फ्रान्समध्ये नाही. त्या गुरुवारी तुम्ही मोकळे आणि तिथली दुकानं, संग्रहालयं नेहमीसारखी उघडी. पॅरिस त्या चार दिवसांत करा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. गुरुवार ते रविवारात दोन्ही बसतात.

म्हणजे तुमच्या दहा दिवसांच्या रजेचे असे चार-पाच तुकडे होतील. एक लांबचा ठेवा. व्हेनिस किंवा रोम करायचं तर म्युनिकहून रात्रीची गाडी बघा. झोप अर्धवट लागते, पण जागेपणीचे तास वाचतात, आणि सकाळी डोळे चोळत खाडीवरच्या पुलावरून गाडी व्हेनिसमध्ये शिरते. व्हेनिसमध्ये एक रात्र राहाच. गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना २०२४ पासून प्रवेश शुल्क आहे. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ, मात्र माफीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

आणि पोर्तुगालचं लिस्बन विसरू नका, चार रात्री काढून जा. मराठी माणसाला तिथे गंमत वेगळीच वाटते. पाटीवर ‘बटाटा’ लिहिलेलं असतं, पाव हा पावच, हॉटेलवाली बाई किल्ली पुढे करून ‘शाव्ह’ म्हणाली तेव्हा चावी कुठून आली ते कळलं, आणि ‘पगार’ म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणं. कॅफेच्या काचेआड समोसे असतात, त्यांना ‘शामुसा’ म्हणतात. शहरातल्याच बेलें भागातल्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. सोमवारी जाऊ नका, बंद असतो. माझी आजी गोव्याची, ती तिथे असती तर काय बोलली असती याचा विचार करत मी कबरीपुढे बराच वेळ उभी होते.

आरक्षणाचं ऐका. बाकी सगळं ऐनवेळी जमतं, तीन-चार गोष्टी जमत नाहीत. अॅमस्टरडॅमचं अॅन फ्रँकचं घर: दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात. मिलानचं ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र: आत जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. स्पेनमधल्या ग्रानादाचा अलहांब्रा राजवाडा: तिकीट नावावर, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि आतल्या नासरी महालांची वेळ चुकली की गयावया करूनही आत सोडत नाहीत. आधी हे तिकीट, मग प्रवासाचं.

परतीच्या वेळी दिवसातली शेवटची गाडी कधीच धरू नका. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, म्हणून दहा मिनिटांत गाडी बदलायचं तिकीट म्हणजे जुगार. स्वस्त तिकीट एका ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं, पण पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं. हे ठाऊक नसल्याने लोक फलाटावर बसून राहतात. तासाभराच्या उशिराला पाव आणि दोन तासांच्या उशिराला निम्मी रक्कम परत मागता येते. मागा, लाजू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: निवास परवान्याच्या कार्डावर शेंगेनमधल्या (एका व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटातल्या) इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण सोबत मूळ पासपोर्ट हवाच, कारण २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढवतही नेली. इंग्लंड आणि आयर्लंडला हे कार्ड चालत नाही. स्वित्झर्लंडला चालतं, पण तो देश युरोपीय संघात नाही, तेव्हा फोनचा डेटा सीमेवर बंद करा, नाहीतर बिल बघून सहल आठवेल.

जोडप्यांचं म्हणाल, तर सहली पैशांवरून कमी आणि चालण्याच्या वेगावरून जास्त बिघडतात. मी ‘अजून एवढंच’ म्हणणारी, तो ‘जरा बसूया’ म्हणणारा. पहिली चार वर्षं आम्ही प्रत्येक शहरात यावरून वाद घातला. मग ठरलं: दिवसाला प्रत्येकाची एकच हट्टाची गोष्ट, दुसऱ्याने कुरकुर न करता यायचं. आणि शनिवारी दुपारी दोन तास वेगळं व्हायचं. मी एखादं संग्रहालय गाठते, तो कॉफी घेऊन माणसं बघत बसतो. संध्याकाळी भेटल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी असतं, जे सतत बरोबर राहिल्यावर नसतं. नव्या लग्नात हे सुचवायला धीर लागतो, एवढं कबूल. आणखी एक, बिनरोमँटिक पण महत्त्वाचं: शुक्रवारी निघण्याआधी दूध-दही-भाजी आणून ठेवा. रविवारी रात्री परताल तेव्हा जर्मनीतली दुकानं बंद असतात.

राहिला हिवाळा. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, म्हणून डोंगर-दऱ्यांचे बेत नकोत, शहरं आणि संग्रहालयं घ्या. नाताळबाजारांना शनिवारी जाऊ नका. स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० पासूनचा आहे, पण शनिवारी तिथे तुम्हाला फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसेल. माझं मत विचाराल तर फेब्रुवारी-मार्च घ्या आणि पुन्हा बाझेलला जा, या वेळी फास्नाख्ट या तिथल्या कार्निव्हलसाठी. राखेच्या बुधवारानंतरचा, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या बुधवारानंतरचा सोमवार. त्या सोमवारची एक रजा टाका, हॉटेल सहा महिने आधी धरा, रविवारी जेवून आठलाच झोपा. सव्वातीनला उठून चालत जुन्या गावात या, अंगावर आहे नाही ते सगळं चढवून. पहाटे चारच्या ठोक्याला अख्ख्या जुन्या शहराचे दिवे जातात. क्षणभर काही दिसत नाही. मग अंधारातून ढोल आणि बासऱ्या सुरू होतात आणि माणसाहून उंच रंगवलेले कंदील गल्ल्यांतून हलत येतात. हा उत्सव बरोबर ७२ तास चालतो, तुम्हाला पहिले तीन पुरेत. त्यानंतर सगळे खानावळीत जाऊन खमंग भाजलेल्या पिठाचं सूप पितात. ते बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या पाण्यात करतात, तेव्हा ते नवऱ्याला द्या आणि तुम्ही चीजची वेहे, म्हणजे तिथला भाजलेला पाय, मागवा. गरम आहे का विचारून.